भाडं ३० हजार, मग ४० कुठे जातात?

पत्र थोडक्यात असं आहे. लग्नाला वर्ष होत आलंय. नवरा लोअर परळला नोकरीला, ही अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत. दोघांचे मिळून हातात ९२ हजार येतात. एप्रिलमध्ये कांदिवली पूर्वेला वन बीएचके घेतला, भाडं ३० हजार, डिपॉझिट दीड लाख, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, त्यात ६ महिने लॉक-इन, म्हणजे तोवर घर सोडायचं नाही. पगाराच्या एक तृतीयांशात भाडं बसतंय म्हणून दोघं निर्धास्त होते. मग ब्रोकरचे ३० हजार, ॲग्रीमेंटचे साडेचार हजार, सोसायटीचा मूव्ह-इन चार्ज ५ हजार, टेम्पो आणि हमाली ९ हजार, गीझर, पंखे, पडदे, डासांच्या जाळ्या १५ हजार. आता मालक दर महिन्याला ८०० रुपये 'सोसायटीचा भाडेकरू चार्ज' मागतायत. लग्नाआधीची बचत संपली, तीन महिन्यांत क्रेडिट कार्डावर किराणा यायला लागला. नवरा म्हणतो विरारला १६ हजारात घर मिळतंय, लगेच निघू. सासूबाई चिपळूणला स्वतःच्या घरात राहतात, त्या म्हणतात तुम्हाला संसार जमत नाही. पत्र लिहिणारीचा प्रश्न: आमचं नेमकं चुकतंय कुठे, आणि विरारला जावं का?

प्रिय मैत्रिणी,

आधी सासूबाईंच्या वाक्याबद्दल बोलते, कारण तुझ्या पत्रात आकडे भरपूर आहेत पण ते एक वाक्य तू फिरून फिरून लिहिलंयस, म्हणजे ते लागलंय. तू दिलेला सगळा खर्च मी नीट वाचला. त्यात उधळपट्टी मला कुठेच दिसली नाही गं. जाळ्या, पंखा, गीझर याला कोण उधळपट्टी म्हणेल, कांदिवलीत डासांमध्ये राहून दाखवावं. सासूबाईंनी आयुष्य स्वतःच्या घरात काढलंय, भाड्याच्या घरात पैसा कुठल्या कुठल्या वाटेने जातो हे त्यांनी बघितलेलंच नाही, त्यामुळे महिनाअखेरीस पैसे संपले म्हणजे सुनेचा हात सैल असा अर्थ त्या लावतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस. खाली जो हिशोब करणारे तो त्यांना एकदा शांतपणे दाखव, बस.

आता तुमचं गणित. 'पगाराच्या एक तृतीयांश भाडं' हा नियम तुम्ही प्रामाणिकपणे पाळलात, पण त्या नियमात फक्त भाडं मोजलं जातं आणि मुंबईत भाडं हा घराच्या खर्चाचा एक भाग असतो, सगळा खर्च नाही. ब्रोकर, ॲग्रीमेंट, मूव्ह-इन, टेम्पो आणि घरातली बसवाबसवी मिळून तुमचे ६३,५०० गेले. हे पैसे परत येणारे नाहीत आणि ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं आहे, म्हणजे महिन्याला जवळपास ५,८०० झाले. दीड लाख डिपॉझिट परत मिळेल, पण ते बिनव्याजी पडून आहे, एफडीत ठेवलं असतं तर ६ टक्के धरले तरी महिन्याला ७५० आले असते. लाइट बिल सरासरी १,७००, गॅस ४५०, वायफाय ७००, आणि ते सोसायटीचे ८००. बेरीज कर, ४० हजारांच्या थोडी वर जाते. म्हणजे तुम्ही ३० हजारांचं घर घेतलंच नव्हतं, ४० हजारांचं घेतलं होतं, आणि ९२ हजारांत ४० म्हणजे एक तृतीयांश नाही, ४३ टक्के. तुम्हाला पहिल्या दिवशी कुणी हा आकडा सांगितला असता तर कदाचित तुम्ही २४-२५ हजारांचं घर शोधलं असतं, किंवा हेच घेतलं असतं पण डोळे उघडे ठेवून.

तू याला 'लपलेले खर्च' म्हणतेस. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. यातले बरेचसे खर्च ब्रोकरला, मालकाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीपासून माहीत होते, फक्त तुम्हाला कुणी सांगितले नाहीत आणि तुम्हीही विचारले नाहीत. का विचारले नाहीत, तर घर हातचं जाईल ही भीती. मराठी माणसाला पैशाचं विचारायला संकोच वाटतो, त्यात नवीन लग्न झालेलं जोडपं, त्यात ब्रोकर सांगतो संध्याकाळी दुसरी पार्टी बघायला येतेय, मग माणूस टोकन देऊन मोकळा होतो. म्हणून आता एकेक खर्च बघू, तो खरंच तुमचा होता का आणि आताही काही वाचतंय का.

ते ८०० रुपये आधी घे, कारण ते दर महिन्याला जातायत. घरात मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, लावू शकते. पण १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार हा चार्ज सोसायटीच्या सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या १० टक्क्यांत महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सर्व्हिस चार्जेस ३ हजार असतील तर चार्ज होतो ३०० रुपये. ८०० यायला ८ हजारांचे सर्व्हिस चार्जेस लागतील, तुमच्या बिल्डिंगचं वर्णन वाचून मला ते पटत नाही. शिवाय सोसायटी हा चार्ज आपल्या सभासदाकडून म्हणजे मालकाकडून घेते, तुम्ही तिचे सभासद नाही. तो भाडेकरूने द्यायचा की नाही हे ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय त्यावर ठरतं. 'मेंटेनन्स व इतर सोसायटी चार्जेस मालकाने भरायचे' असं वाक्य बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये असतं. आज रात्री जेवणं झाली की तुमचं ॲग्रीमेंट काढून हेच वाक्य शोध. सापडलं तर मालकांना मेसेज टाक, 'काका, ॲग्रीमेंटप्रमाणे सोसायटी चार्जेस तुमच्याकडे आहेत, तरी या महिन्याचं सोसायटीचं बिल पाठवाल का'. भांडायचं नाही, फक्त बिल मागायचं. बिल मागितल्यावर कितीतरी चार्ज आपोआप बंद होतात हे मी खूप घरांत बघितलंय.

ॲग्रीमेंटचे साडेचार हजार. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे तुम्ही केलाय तशा भाडेकरारावर, महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के आहे, एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के काल्पनिक व्याज धरून त्यावर. तुमच्या केसमध्ये भाडं ३ लाख ३० हजार, व्याज पावणेचौदा हजार, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ९०० च्या आत. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,००० रुपये, ऑनलाइन रजिस्ट्रेशनचे डॉक्युमेंट हँडलिंगचे ३००. सगळं मिळून सव्वादोन हजारांच्या आसपास. वरचे पैसे घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी. ती घेऊ नये असं मी म्हणत नाही, त्याचंही पोट आहे, पण चलनावर सरकारी आकडे छापलेले असतात ते बघून फी ठरवायची, आणि सगळा खर्च निम्मा निम्मा करायची रीत आहे, तुम्ही एकट्यांनीच भरलाय. रजिस्ट्रेशन करून घेणं ही तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. हे आता परत मिळणार नाही, पण पुढच्या वेळी नक्की वाचतील.

मूव्ह-इनचे ५ हजार, याची पावती आहे का? तू लिहिलंयस की वॉचमनच्या केबिनमध्ये कॅश दिली. सोसायटीच्या नावाची पावती मागून घे. नाही दिली तर निदान घर सोडताना मूव्ह-आउटच्या नावाने परत तेवढेच मागतील तेव्हा तुमच्याकडे बोलायला मुद्दा राहील.

आणि गीझर. भिंतीला बसवलेली वस्तू तुम्ही जाताना काढून नेणार आहात की तिथेच राहणार? नेणार असाल तर ठीक, तो तुमचा. तिथेच राहणार असेल तर मालकांना सांगा की बिल आमच्याकडे आहे, पुढच्या भाड्यातून वळते करा किंवा निम्मे द्या. बरेच मालक निम्म्यावर तयार होतात, कारण पुढच्या भाडेकरूला 'गीझरसकट घर' सांगता येतं. हे बोलणं गीझर घ्यायच्या आधी झालं असतं तर सोपं गेलं असतं, तरी अजून उशीर झालेला नाही.

आता ज्या गोष्टीने मुंबईतल्या भाडेकरूंचं सगळ्यात जास्त नुकसान होतं त्याबद्दल, ते म्हणजे ही ११ महिन्यांची सवय. वर्षापेक्षा कमी मुदतीचा करार केला की नोंदणी टळते, या जुन्या समजुतीतून ती आलीये. पण आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, म्हणजे ११ महिन्यांनी भाडेकरूचं काहीच वाचत नाही. उलट दर ११ महिन्यांनी ॲग्रीमेंटचा खर्च परत, ब्रोकर रिन्यूअलचे म्हणून अर्धा किंवा पूर्ण महिना मागतो, भाडं वाढतं, आणि पटलं नाही तर टेम्पो आहेच. २२ किंवा ३३ महिन्यांचं ॲग्रीमेंट करता येतं, ५ वर्षांपर्यंत याच ०.२५ टक्क्याच्या दराने. दरवर्षी ५ टक्के वाढ आधीच लिहून टाकायची, लॉक-इन दोघांना झेपेल तेवढा ठेवायचा. तुमचे ६३,५०० जर २२ महिन्यांवर पसरले तर महिन्याला २,९०० च्या आत येतात, घर तेच, भाडं तेच आणि महिन्याला २,९०० वाचले. म्हणून मालक बरे असतील आणि घर आवडत असेल तर आत्तापासून त्यांच्याशी बोलून ठेवा की फेब्रुवारीनंतर आम्हाला पुढच्या २२ महिन्यांचं करायचंय आणि ते आपण थेट करू, मध्ये ब्रोकर नको. मालकालाही घर रिकामं पडायची धास्ती असतेच.

आता विरार. नवऱ्यावर रागावू नकोस. तो पळ काढत नाहीये, त्याला १४ हजारांचा फरक दिसतोय आणि कार्डाचं बिल दिसतंय, कुणीही हेच म्हणेल. पण 'लगेच' या शब्दावर मात्र मला अडायचंय. लॉक-इनचे ३ महिने बाकी आहेत, ॲग्रीमेंटमध्ये साधारण असं असतं की मध्येच सोडलं तर राहिलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं, म्हणजे ९० हजार, जे डिपॉझिटमधून कापले जातील. त्यात विरारच्या ब्रोकरचे १६ हजार, नवं ॲग्रीमेंट आणि टेम्पो धरून १३ हजार. झाले १ लाख १९ हजार. महिन्याला १४ हजार वाचवून हे भरून यायला साडेआठ महिने लागतील, म्हणजे जवळजवळ तेवढेच जेवढे या ॲग्रीमेंटचे राहिलेत. तेच जर लॉक-इन संपल्यावर निघालात तर खर्च फक्त २९ हजारांचा, दोन महिन्यांत वसूल. म्हणजे जायचं की नाही याच्या आधी कधी जायचं हे महत्त्वाचं. आणि एक अडचण कुणी धरत नाही, नव्या घराचं डिपॉझिट आधी द्यावं लागतं आणि जुन्याचं नंतर मिळतं, त्या मधल्या आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे कुठून आणणार ते ठरवल्याशिवाय नोटीस देऊ नका.

लोकलचा पास अजूनही या शहरात स्वस्तातली गोष्ट आहे, तो वाढला तरी बजेट हलणार नाही. वेळ हलेल. तुम्हा दोघांनाही येऊन-जाऊन रोज सव्वा-दीड तास जास्त लागतील, महिन्याला दोघांचे मिळून ७० तासांच्या घरात. १४ हजार भागिले ७०, तासाला २०० रुपये. वर विरार स्टेशनपासून बिल्डिंग लांब असेल तर रिक्षा, ऑफिसला उशीर झाला की अंधेरीहून ओला-उबर, थकून आल्यावर बाहेरून मागवलेलं जेवण. आता तुला ट्रेन न मिळाली तर आकुर्लीहून मेट्रो ७ ने गुंदवली आणि तिथून मेट्रो १ असा दुसरा रस्ता आहे, विरारहून पहिला टप्पा लोकलचाच, आणि जोराच्या पावसात वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी आलं की तोही बंद. तिथे अनेक बिल्डिंगमध्ये पाणी टँकरचं असतं, त्याचे पैसे कोण देतं हे विचारून घ्या. एवढं सगळं बघून पण जावंसं वाटलं तर जा, विरार-नालासोपाऱ्यात लाखो लोक छान संसार करतायत, त्यात कमीपणा काहीच नाही. माझा कल मात्र तिसऱ्या पर्यायाकडे आहे. दहिसर, बोरिवली पूर्व, नाहीतर कांदिवलीतच लिफ्ट नसलेली जुनी बिल्डिंग, २४-२५ हजारांत. टॉवरपेक्षा जुन्या सोसायटीत मेंटेनन्स कमी, त्यामुळे मालकाची भाड्याची अपेक्षाही कमी. फक्त वरचा मजला असेल तर छताची गळती आणि तळमजला असेल तर पावसाचं पाणी, हे जुलैमध्येच जाऊन बघायचं. भिंतीला नुकताच रंग मारलेला असेल तर कपाटामागे हात लावून बघ, ओल हाताला कळते.

इतर वाचकांचीही अशी पत्रं येतात म्हणून टोकन द्यायच्या आधी काय बोलायचं ते इथेच लिहिते. सरळ व्हॉट्सॲपवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं: मेंटेनन्स भाड्यात आहे का, पार्किंगचे वेगळे किती, मूव्ह-इन किती आणि पावती मिळेल का, रिन्यूअलला ब्रोकरेज आहे का, घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का आणि किती. हा शेवटचा प्रश्न विचारायला सगळे विसरतात आणि डिपॉझिट परत येताना महिन्याभराच्या भाड्याएवढी रक्कम 'पेंटिंग'मध्ये गेलेली असते. चावी मिळाली त्याच दिवशी सामान आत येण्याआधी मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढा, भिंती, नळ, फरशा, आणि तो मालकांना पाठवून ठेवा. लाइट आणि गॅस मीटरचा फोटो काढा, मागची थकबाकी भरलेली आहे का ते बिलावर बघा, कारण नाव मालकाचं असलं तरी कनेक्शन कापलं की अंधारात आपण बसतो. लाइटचे दर स्लॅबने वाढतात, एसीमुळे वरच्या स्लॅबमध्ये गेलात की वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं, म्हणून बजेटमध्ये मे महिन्याचं बिल धरा, जानेवारीचं नको. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम आहे आणि ती मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरता येते, त्यासाठी एजंट मोठी रक्कम मागत असेल तर कशाची ते विचारा. दिवाळीत बाईंना आणि वॉचमनला द्यायचं असतं तेही वर्षाच्या खर्चात धरा, मनापासून द्यायचं तर आधी बाजूला काढलेलं बरं.

तुमच्यासाठी आत्ता पहिलं काम कार्डाचं. थकलेल्या रकमेवर महिन्याला ३-साडेतीन टक्के व्याज लागतं, त्यामुळे मोडण्यासारखं एखादं आरडी वगैरे असेल तर ते मोडून कार्ड शून्य करा, नाहीतर दोघांपैकी कुणाच्या तरी घरून दोन महिन्यांसाठी घ्या आणि तारीख सांगून परत करा. आईबाबांना कळू द्यायचं नाही असं तू लिहिलंयस, मला ते समजतं, पण कार्डवाल्याला व्याज देण्यापेक्षा आईला सांगणं बरं गं. कार्ड मिटलं की महिन्याला ५ हजार एका वेगळ्या खात्यात टाकायला लागा, फक्त पुढच्या घरासाठी, ते इमर्जन्सीचे नाहीत आणि गणपतीत गावी जायचेही नाहीत. दोघांपैकी जो जुन्या टॅक्स रेजीममध्ये असेल आणि ज्याच्या पगारात एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता असेल त्याने भाडं आपल्या खात्यातून भरून पावत्या ठेवा, वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असल्याने मालकांचा पॅन लागेल तो आत्ताच मागून घ्या, मार्चमध्ये धावपळ नको. नव्या रेजीममध्ये एचआरएची सूट नाही, त्यामुळे ऑफिसमध्ये कुठला पर्याय दिलाय ते दोघांनी तपासा.

येत्या रविवारी दोघं बसा, यूपीआयची हिस्ट्री उघडा आणि वरची बेरीज स्वतःच्या आकड्यांनी करा. तो विरार म्हणाला की तू लगेच नाही म्हणू नकोस, आणि तू ८०० रुपयांचा विषय काढलास की त्यानेही 'जाऊ दे ना' म्हणू नये. ॲग्रीमेंटमध्ये नोटीसचं कलम बघून घ्या, काही ॲग्रीमेंटमध्ये लॉक-इन चालू असताना नोटीस देता येते आणि काहींत लॉक-इन संपल्यावरच, आणि त्या एका वाक्यात ३० हजारांचा फरक पडतो. विरारचं घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. रजा टाका आणि सोमवारी सकाळी सात-साडेसातला विरार स्टेशनवर उभं राहून तिथून अंधेरी आणि लोअर परळला खरोखर जाऊन बघा, संध्याकाळी परतही या. मग ठरवा. मालकांनी सोसायटीचं बिल पाठवलं की त्यात सर्व्हिस चार्जेस किती निघाले ते मला कळव.